निंगबोच्या सहाशे बारा म्हणी

ईडन प्रेरी, २ जुलै २०२३

नाही काका, तुम्ही चूक आहात, आणि फोन ठेवून दिलात म्हणून काही बरोबर ठरत नाही. कानातलं मशीन शिट्टी मारतंय म्हणे! बरोबर तुम्ही हरायला लागलात की ते शिट्टी मारतं. म्हणून आता ईमेलवर भांडू या.

तुम्ही काय म्हणालात? "मेलेल्या माणसाला चोर म्हणायला काय लागतं, तो कुठे उलटून बोलणारे." ओके. मग तो माणूस कोण ते नीट ऐका, आणि मग बोला.

जोसाया थ्वेट. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या विणकराचा मुलगा. एकविसाव्या वर्षी चीनमध्ये निंगबो बंदरात कस्टम्सचा कारकून म्हणून गेला. साहेबांच्या क्लबात जायचा नाही, कारण तिथे त्याच्या उच्चारांना हसायचे. मग काय करायचं संध्याकाळी? फेरीबोटीत बसायचा. या काठावरून त्या काठावर, पुन्हा या काठावर. असं करत चिनी शिकला. बावीस वर्षं राहिला. बायको तिथेच तापाने गेली. परत येऊन प्रोफेसर झाला. एकोणीस वर्षांत विद्यार्थी किती? अकरा! हिवाळ्यात वर्गात जाताना शेगडीसाठी कोळसा स्वतःच्या खिशातून न्यायचा. खिशातून म्हणजे कोटाच्या खिशातून, खरंच. डिक्शनरी सुरू केली, ती अर्धवट ठेवून मेला. नाव उरलं ते एकाच पुस्तकामुळे: निंगबोच्या सहाशे बारा म्हणी, भाषांतर आणि टिपांसकट.

वाईट वाटलं ना? मलाही वाटायचं, दोन वर्षं. त्याच्या मुलीने मिनेसोटातल्या एका लुथरन मिशनऱ्याशी लग्न केलं, म्हणून त्याची सगळी कागदपत्रं आमच्या लायब्ररीत आहेत. खोका नंबर सातमध्ये दोन वह्या मिळाल्या. एक थ्वेटची. सहाशे बारा म्हणी, शेवटी लिहिलंय, '१५ जून १८७६, संपलं'. दुसरी त्याच्या चिनी मास्तरांची, शेन त्यांचं नाव. त्याच सहाशे बारा म्हणी, त्याच क्रमाने. आणि ती संपते चिनी पाचव्या महिन्याच्या विसाव्या दिवशी. म्हणजे ११ जून १८७६.

चार दिवस आधी, काका! मास्तरांनी गोळा केलं, साहेबांनी उतरवून घेतलं आणि प्रस्तावनेत लिहिलं 'माझे शिक्षक'. नाव नाही. नुसतं 'माझे शिक्षक'.

यावर माझा पेपर जर्नलने घेतलाय. तो छापून येणार म्हणून शेवटच्या वर्षाची फेलोशिप मिळणारे. फेलोशिप नाही तर पगार नाही, पगार नाही तर विद्यार्थी व्हिसा नाही, आणि मग मी नागपूरला आईबाबांच्या हॉलमध्ये बसून थ्वेटला शिव्या देईन. त्यामुळे तुमचं 'जरा थांब' मला परवडत नाही.

एक काम करा पण. तारखा मी वेबसाइटवरून काढल्यात. तुम्ही पंचांगवाले. एकदा तुमच्या प्रोग्रॅममधून चेक करून द्या. चंद्र तर एकच आहे ना?

आशू

*

हर्नडन, ६ जुलै

चि. आशूस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या पद्मिनीकाकूने मोठ्याने वाचलं. मशीनने शिट्टी मारली नाही, ती स्वतःच मधूनमधून मारत होती.

मी त्या थ्वेटचा वकील नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की चोर म्हणायच्या आधी कुलूप बघावं. तीस वर्षं सॉफ्टवेअर केलंय. प्रोग्रॅम चुकला की पोरं आधी एकमेकांवर ओरडायची, मग कोड बघायची. मी उलटं करायला लावायचो.

तारखा करून देतो. अमावास्या कुठल्या दिवशी पडली हे कळलं की तुझे चिनी महिने बसतील. पण नुसती शेवटची तारीख देऊ नकोस. शेन मास्तरांच्या वहीत रोजचं काय लिहिलंय ते सगळं पाठव, भाषांतर करून. एका तारखेवर माझा भरवसा नाही. इथे व्हर्जिनियात चतुर्थी कधी, आपल्या इथल्या चंद्रोदयावर की पुण्याच्या, यावरून मंडळात लोक एकमेकांच्या घरी जायचे बंद झाले. मीही त्यातलाच. कॅलेंडर आता मी करत नाही, तो विषय नको.

तू नीट जेवतेस का? शैलजाकडे भाड्याने राहतेस म्हणजे पाहुणी नव्हेस, हे कळतं. पण ती बोलावते तेव्हा बेसमेंटमधून वर जात जा.

रवींद्रकाका

*

ईडन प्रेरी, ११ जुलै

काका, जेवते हो. शैलजामावशी रोज हाक मारते. आन्या मला खाली येऊन सांगते, "मॉम सेज इट्स नॉट अ रिक्वेस्ट."

वही पाठवतेय, वीस दिवस, वीस नोंदी. फार काही नाही, मास्तर कमी बोलतात. नमुना बघा:

'पहिला दिवस. उकाडा. म्हणी अठ्ठावीस.'

'पाचवा दिवस. नदी रिकामी. बाजार नेहमीसारखा. म्हणी एकतीस.'

'नववा दिवस. साहेबांना ताप. शिकवणी नाही. म्हणी चाळीस.'

नववा दिवस बघा ना! साहेब अंथरुणात, आणि मास्तर एकटे बसून चाळीस म्हणी लिहितायत. कोणाचं पुस्तक आहे मग हे?

बातमी: १९ ऑगस्टला शॉमबर्गच्या कॉन्फरन्समध्ये मला वीस मिनिटं मिळालीयत. माझी गाइड म्हणाली, नोकऱ्या देणारी चार डिपार्टमेंटं समोर बसलेली असतील. टायटल दिलंय 'चोरलेल्या म्हणी'. तिला फार आवडलं. प्रूफं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत द्यायचीयत, त्याआधी तुमचं ओके हवं.

आशू

*

हर्नडन, २३ जुलै

चि. आशू,

इथे अधिक श्रावण लागला. काल लेक-जावई आले होते. पद्मिनीने तेहतीस अनारसे घातले, त्यातले बरेचसे तुपात हसले. उरलेल्यांवर आम्ही हसलो. नकुल न्यू जर्सीत वाढलेला, त्याला वाण कशाचं ते कळेना. "सो इट्स लाइक अ बोनस मन्थ?" म्हणाला. मी म्हटलं, हो, पण बोनसमध्ये सण नाहीत, लग्नं नाहीत, फक्त जावयाचे लाड. तो म्हणाला, बेस्ट मन्थ.

तुझ्या तारखा बघतोय. अजून झाल्या नाहीत. फार घाई आहे का?

काका

*

ईडन प्रेरी, ४ ऑगस्ट

होती घाई. होती.

दोन आठवडे वाट पाहिली. दोनदा आठवण केली. काकू फोनवर म्हणते, "ते कॉम्प्युटरसमोरच असतात गं." असतात तर मग दोन ओळी लिहायला काय झालं? आज प्रूफं पाठवून दिली. तुमच्या ओकेशिवाय.

खरं सांगू? मला वाटतं तुम्हाला तो आवडतो. गरीब घरातला पोरगा, परक्या देशात जातो, परकी भाषा शिकतो, सगळे उच्चारांना हसतात तरी टिकून राहतो. तुम्ही ब्याऐंशी साली इथे आलात ती गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतोय. थ्वेट चोर निघाला तर तुमचं काय जातं, काका? तुमच्या गोष्टीतून कोणी काही काढून घेत नाहीये.

असो. पेपर गेला.

आ.

*

हर्नडन, ९ ऑगस्ट

चि. आशू,

बसून वाच.

शेन मास्तरांची वही पाचव्या महिन्यातली आहे असं लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये आहे. तू ते धरलंस. आता त्यांची पाचव्या दिवसाची नोंद काढ. 'नदी रिकामी. बाजार नेहमीसारखा.'

पाचव्या महिन्याचा पाचवा दिवस म्हणजे त्या लोकांचा होड्यांच्या शर्यतींचा सण. मी आणि पद्मिनी दर वर्षी पोटोमॅकवर त्या बघायला जातो, ड्रॅगनचं तोंड लावलेल्या नावा, ढोल, अख्खा काठ भरलेला. हे तर इथे, अमेरिकेत. आणि निंगबोसारख्या नदीकाठच्या बंदरात, त्या दिवशी, नदी रिकामी?

सणाच्या दिवशी नदी रिकामी असेल तर एकच कारण. तो सणाचा दिवसच नव्हता.

त्यांच्यातही अधिक महिना असतो, आशू. आपल्यासारखाच, चंद्र आणि सूर्य जुळवायला. आणि आपल्यासारखंच, सण खऱ्या महिन्यात, जादाच्या महिन्यात काही नाही. १८७६ साली त्यांच्याकडे पाचवा महिना दोनदा आला. पहिला मे अखेरीस सुरू झाला, दुसरा २२ जूनला. मी अमावास्या तीन वेगळ्या पद्धतींनी काढून बघितल्या.

मास्तरांची वही दुसऱ्या पाचव्यातली आहे. ती ११ जूनला संपत नाही. ११ जुलैला संपते. थ्वेटने '१५ जून, संपलं' लिहिल्यावर सव्वीस दिवसांनी.

त्यांनी साहेबाची वही उतरवून काढली. उलटं झालं नाही.

काका

*

९ ऑगस्ट, दुपार

कधी कळलं तुम्हाला?

*

९ ऑगस्ट, संध्याकाळ

बावीस जुलैला. नकुल बोनस म्हणाला तेव्हा. हातात अनारसा होता.

*

(ड्राफ्ट. पाठवला नाही.)

बावीस जुलै. प्रूफं चारला गेली. तेरा दिवस. तेवीसला तुम्ही मला अनारशांवर जोक लिहून पाठवलात, आणि तेव्हा तुम्हाला माहीत होतं. 'फार घाई आहे का' असं विचारलंत, आणि तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मी तुम्हाला नको नको ते लिहिलं, साहेब आवडतो वगैरे, ते तुम्ही वाचलंत, आणि तेव्हाही

*

ईडन प्रेरी, १३ ऑगस्ट

काका,

तीन दिवस काही लिहिलं नाही कारण जे लिहीत होते ते पाठवण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी लायब्ररीत गेले. तिथल्या हॉल्व्हर्सन बाईंना म्हटलं, शेन मास्तरांच्या वहीचं पहिलं पान शिवणीजवळ अजून उघडता येईल का. मिनेसोटाची माणसं 'नाही' म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, "वेल, दॅट्स डिफरंट," म्हणजे वेड लागलंय का. मग गेल्या, फोमच्या उशा आणल्या, वही त्यावर ठेवली, हाडाची चपटी पट्टी घेतली आणि पाऊण तास हळूहळू शिवण सैल करत बसल्या.

आहे. 'पाचवा महिना'च्या वर, शिवणीत गेलेलं, एक अक्षर. अधिक. पन्नास वर्षांपूर्वी कॅटलॉग करणाऱ्याला दिसलं नाही, त्याने कार्डावर नुसतं पाचवा लिहिलं. मी कार्ड वाचलं. तारखांच्या वेबसाइटवर अधिक महिन्यासाठी एक चौकट असते, टिक करायची. मी ती रिकामी सोडली. दर तीन वर्षांनी घरात धोंड्याचा महिना बघत वाढलेली मुलगी मी! दुसऱ्या कोणाकडून झालं असतं तर मी वर्षभर जोक केले असते.

पण याहून वाईट आहे. थ्वेटच्या वहीत प्रत्येक म्हणीसमोर समासात बारीक अक्षरात लिहिलेलं आहे, कोणाकडून ऐकली. 'मीठवाली वू.' 'होडीवाला झांग, थोरला.' 'तुरुंगाचा पहारेकरी, दारू प्यायलेला.' 'माओची आजी, दोनदा सांगितली, दोन्ही वेळा वेगळी.' चारशेच्या वर नावं आहेत. ही मी दोन वर्षांपूर्वीच वाचली होती. आणि पेपरात काय लिहिलं माहितीये? की ही नावं त्याने चोरी लपवायला मागाहून घातलेली असावीत. 'असावीत'! एक पुरावा नाही. तारीख पक्की होती ना माझी, मग बाकी सगळं तिच्या मापाने कापलं.

तो खरंच फेरीबोटीत बसून ऐकत होता, काका. बावीस वर्षं.

आणि मास्तरांनी काय केलं ते आता दिसतंय. त्यांनी नुसतं उतरवलं नाही. थ्वेटच्या वहीतही जवळजवळ दर पानावर त्याची चूक सुधारली. त्या दुरुस्त्या पुस्तकात आल्या आहेत. नाव आलं नाही. एवढाच त्याचा गुन्हा. चोरी नाही. विसरलेलं, किंवा त्या काळी लिहायचीच पद्धत नसलेलं, एक नाव. यावर कोणी नोकरी देत नाही.

गाइडला सांगितलं. तिने प्रूफं पुन्हा उघडून पाहिली. मग म्हणाली, तळटीप घाल. 'तारखेबद्दल मतभेद असू शकतात.' पेपर राहू दे, नोकरी मिळू दे, पुस्तक करशील तेव्हा दुरुस्त कर. म्हणाली, सगळे असंच करतात. ती वाईट नाहीये, मला वाचवतेय.

मला अजून एक कळत नाही. तुम्ही का थांबलात?

आशू

*

हर्नडन, १५ ऑगस्ट

चि. आशू,

तुला वाटलं मला थ्वेट आवडतो. उलट आहे. मला तो चोर हवा होता, तुझ्यापेक्षा जास्त.

मंडळाचं कॅलेंडर अकरा वर्षं मी केलं. अमेरिकेतल्या चाळीस गावांचे सूर्योदय, चंद्रोदय, सगळं हाताने तपासून. तीन वर्षांपूर्वी नवीन कमिटी आली. कमिटीतल्या संजीवने प्रोग्रॅम मागितला, दिला. जानेवारीत कॅलेंडर छापून आलं. मागच्या पानावर 'संकल्पना आणि गणित' खाली त्याचं नाव. आणि खाली बारीक अक्षरात 'ज्येष्ठ सभासदांचे सहकार्य'. ज्येष्ठ सभासद म्हणजे मी.

मी काही बोललो नाही. भांडण केलं ते चतुर्थीवरून, आणि बाहेर पडलो. पद्मिनीलाही खरं कारण सांगितलं नव्हतं. आज सांगतोय, ती शेजारी बसून वाचतेय.

त्यामुळे तू जेव्हा लिहिलंस की मास्तरांचं काम साहेबाने घेतलं आणि खाली 'माझे शिक्षक' लिहिलं, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, दीडशे वर्षांनी का होईना, एक तरी पकडला गेला. आणि मग बावीस जुलैला माझ्याच गणिताने तो सुटला. मी तेरा दिवस ते गणित चुकतंय का बघत होतो. चुकत नव्हतं. रोज वाटायचं, आज लिहू. मग वाटायचं, राहू दे, छापून येऊ दे, पोरीची नोकरीही होईल आणि मलाही बरं वाटेल. तुझी ४ तारखेची ईमेल आली तेव्हा लाज वाटली.

आता काका म्हणून सांगतो. तळटीप घाल. ती अधिकची खूण तुला, मला, तुझ्या गाइडला आणि त्या बाईंना सोडून कोणाला माहीत नाही. मी कोणाला सांगणार नाही. तू इथवर आलीस ते सोपं नव्हतं, एका महिन्यासाठी घालवू नकोस. व्हिसाचं पुढे बघू म्हणता येत नाही, हे मला तुझ्याहून चांगलं माहीत आहे. शॉमबर्गला नेहमीचं बोल, वीस मिनिटांत संपतं.

नाहीतर इथे ये. वरची खोली रिकामी आहे.

काका

*

ईडन प्रेरी, १८ ऑगस्ट, पहाटे

काका,

नाही.

तळटीप नाही. कारण तारीख माझ्या पेपरातला एक मुद्दा नाहीये, तारीख म्हणजेच पेपर. ती काढली की खाली एका मेलेल्या माणसाला घातलेल्या शिव्या उरतात. तुम्हीच म्हणालात ना, तो उलटून बोलणार नाही. बरोबर. म्हणून तर मी खोटं लिहिलं तर ते कायम तसंच राहील. त्याच्यावर अख्ख्या जगात तीन माणसं काम करतात. पुढचा जो येईल तो खोका नंबर सात उघडायच्या आधी माझा पेपर वाचेल.

जर्नलला काल रात्री लिहिलं, मागे घेतेय. उत्तर आलं, दोन ओळींचं, फार सभ्य. फेलोशिप कमिटीला आत्ता लिहिलं. डिपार्टमेंटकडे शिकवायचे तास मागितलेत, काहीही, फर्स्ट इयरचं सुद्धा. ते मिळाले तर मी आहे, नाही मिळाले तर डिसेंबरपर्यंत आहे. गाइड म्हणाली, "यू आर बीइंग व्हेरी यंग." मी म्हटलं, हो.

तुमच्यावर राग आहे. जाणार आहे तो, पण आज नाही. तेरा दिवस म्हणजे तेरा दिवस. प्रूफं जायच्या आधी सांगितलं असतंत तर मी फक्त चुकले असते. आता मी सही करून चुकले.

आणि ऐका, तुमचं वेगळं आहे. थ्वेटविरुद्ध माझ्याकडे एक तारीख होती, ती पण चुकीची. तुमच्याकडे अकरा वर्षांच्या फाइली आहेत, त्यावर तारखा आहेत, तुमचं नाव आहे. आणि तरी तुम्ही कोणाला काही विचारलं नाहीत! दीडशे वर्षांपूर्वीच्या मास्तरांसाठी मी भांडावं असं वाटतं तुम्हाला, आणि स्वतःसाठी? संजीवकाकांना फोन लावा. मशीन शिट्टी मारत असेल तर घरी जा, हर्नडन केवढंसं आहे. त्यांना विचारा, माझं नाव कुठे आहे. कदाचित चोरी असेल. कदाचित तो नुसता ढिला माणूस असेल. पण विचारल्याशिवाय कसं कळणार? मी न बघता ठरवलं त्याचं काय झालं ते बघताय.

शॉमबर्गची वीस मिनिटं मी रद्द केलेली नाहीत. गाइडने केली असती, मी तिथे काय बोलणार ते तिला सांगितलंच नाहीये. टायटल तेच राहील, छापून झालंय. उद्या दहा वाजता मी उभी राहणार, पहिल्या स्लाइडवर माझा पेपर लावणार, आणि त्यात कुठे, कशी, का चुकले ते सांगणार, वहीचा फोटो दाखवून. मग उरलेल्या वेळात थ्वेटची वही वाचणार. ज्यांनी त्याला म्हणी सांगितल्या त्यांची नावं, समासातून, एकेक करून, आणि शेन मास्तरांनी जिथे जिथे खोडलं ते. चार डिपार्टमेंटं बसलेली असतील. बसू देत. कोणी उठून गेलं तर जाऊ देत.

थ्वेटच्या वहीत मास्तरांनी एक म्हण तीनदा सुधारलीय: 'वारा कुठून आला ते मासे विकणारा सांगत नाही.' दोघं किती भांडले असतील त्या एका वाक्यावर. कागद फाटलाय तिथे.

शैलजामावशीने पराठे बांधून दिलेत, आन्याने तिचा लांब केबलचा चार्जर दिलाय, विदाउट बीइंग आस्क्ड. साडेसहा तास ड्राइव्ह आहे. ईमेल आता पाठवतेय आणि फोन बंद करून डिकीत टाकतेय, कारण तुम्ही काहीतरी चांगलं लिहाल आणि मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून वाचत बसेन. मग माझा धीर जाईल.

निघाले.